स्क्वॉशचे नियम समजून घेताना आलेल्या शंका : रेषा, सर्व्हिस, ‘लेट’ आणि ‘स्ट्रोक’

केळीपट्टा (जळगाव) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. आमच्या वसाहतीच्या क्लबमध्ये दिवाळीनंतर स्क्वॉशचे कोर्ट खेळण्यासाठी खुले झाले आणि इतकी वर्षे बॅडमिंटन खेळणारे आम्ही काही जण त्याकडे वळलो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी स्क्वॉशचा समावेश मान्य झाला, तेव्हापासून या खेळाविषयी आमच्या मुलांनाही कुतूहल वाटू लागले आहे. येथे शिकवणारा प्रशिक्षक मात्र नाही. प्रत्येकाने कोठे तरी ऐकलेले नियम घेऊन आम्ही कोर्टवर उतरतो आणि ते नियम एकमेकांशी जुळत नसल्यामुळे निम्मा वेळ चर्चेत जातो.

माझ्या शंका अशा आहेत. चेंडू रेषेवर पडला तर तो आत समजावा की बाहेर? आमच्यातील एक ज्येष्ठ सदस्य नोकरीनिमित्त बरीच वर्षे मुंबईत होते. त्यांच्या सांगण्यानुसार गेम नऊ गुणांचा असतो आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळतो, तर तरुण मंडळी अकरा गुण मोजतात. यातले बरोबर काय? सर्व्हिस करताना पाय नेमका कोठे असावा आणि पहिली सर्व्हिस चुकली तर दुसरी संधी मिळते का?

सर्वांत मोठी अडचण वेगळीच आहे. बॅडमिंटनमध्ये मध्ये जाळी असते, समोरचा त्याच्या बाजूला आणि आपण आपल्या बाजूला. येथे चार भिंतींच्या एकाच जागेत दोघेही धावत, आळीपाळीने समोरच्या भिंतीवर चेंडू मारत असतात. प्रतिस्पर्धी वाटेत आला, त्याच्या अंगाला चेंडू लागला किंवा त्याला रॅकेट लागेल या भीतीने मी फटका मारलाच नाही, तर गुण कोणाला द्यायचा? ‘लेट’ आणि ‘स्ट्रोक’ हे दोन शब्द सगळेच उच्चारतात, पण त्यांतला फरक नीट सांगता येईल असा कोणीही आमच्यात नाही. नियमांचे संपूर्ण पुस्तक पाठ करावे की त्यातला काही भाग आधी शिकून घ्यावा, याविषयीही जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पांझराकाठ (धुळे) यांचे उत्तर

भाऊ, तुमच्या पहिल्या तीन शंकांची उत्तरे निःसंदिग्ध आहेत, म्हणून ती आधी देतो. वाटेत येण्याचा विषय मोठा आहे आणि त्यावर माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिणारे सदस्य येथे आहेत.

स्क्वॉशमध्ये रेषा ही ‘बाहेर’ समजली जाते. बॅडमिंटनमध्ये शटल रेषेला स्पर्शून पडले तर ते आत धरतात. येथे नेमके उलटे आहे. समोरच्या भिंतीवरची सर्वांत वरची रेषा ४.५७ मीटर उंचीवर असते, तेथून ती दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून तिरकी उतरत मागच्या भिंतीवर २.१३ मीटरवर येते. चेंडू या रेषेला निसटता जरी लागला, किंवा तिच्या वर भिंतीला अथवा छताला लागला, तर तो बाद. समोरच्या भिंतीच्या तळाशी ४८ सेंटीमीटर उंचीचा पत्रा असतो, त्याला टिन म्हणतात. त्यावर किंवा त्याच्या वरच्या कडेवर चेंडू लागला की रॅली, म्हणजे सर्व्हिसपासून गुण ठरेपर्यंतची फटक्यांची देवाणघेवाण, संपली. व्यावसायिक खेळाडूंच्या स्पर्धांत हा पत्रा ४३ सेंटीमीटरचा असतो, कारण त्यामुळे आखूड फटक्यांना अधिक वाव मिळतो; तुमच्या कोर्टवर ४८ हेच योग्य माप आहे.

येथे एक गोष्ट नवीन खेळाडूंच्या लक्षात सहसा येत नाही. समोरच्या भिंतीवरची मधली रेषा, जी १.७८ मीटरवर असते, तिचा आणि जमिनीवरच्या सर्व रेषांचा संबंध फक्त सर्व्हिसशी आहे. एकदा सर्व्हिस परतवली गेली की चेंडू जमिनीवर कोठेही पडू द्या, मधल्या रेषेच्या वर लागो वा खाली लागो, त्याला काहीही अर्थ उरत नाही. तेव्हा फक्त तीन गोष्टी पाहायच्या : चेंडूचा दुसरा टप्पा पडण्याआधी तो मारला का, तो जमिनीला न लागता समोरच्या भिंतीपर्यंत पोहोचला का आणि तेथे तो टिनच्या वर व बाहेरच्या रेषेच्या खाली लागला का. वाटेत तो बाजूच्या किंवा मागच्या भिंतीला लागून गेला तरी चालते.

आता सर्व्हिस. सुरुवातीला रॅकेट फिरवून, म्हणजे नाणेफेकीसारखा कौल लावून, पहिली सर्व्हिस कोणाची ते ठरवतात. ज्याच्याकडे सर्व्हिस येते तो जमिनीवर सर्व्हिससाठी आखलेल्या उजव्या किंवा डाव्या चौकोनांपैकी कोणताही निवडू शकतो, मात्र त्यानंतर तो जोपर्यंत गुण मिळवत राहील तोपर्यंत त्याला प्रत्येक सर्व्हिसला बाजू बदलावी लागते. हा चौकोन १.६ मीटरचा असतो. चेंडू मारण्याच्या क्षणी किमान एक पाय चौकोनाच्या आत जमिनीला टेकलेला हवा आणि त्या पायाचा कोणताही भाग चौकोनाच्या रेषेला लागता कामा नये. दुसरा पाय बाहेर असला तरी हरकत नाही, तो हवेत असला तरीही नाही. चेंडू थेट समोरच्या भिंतीवर, मधल्या आणि वरच्या रेषेच्या दरम्यान लागला पाहिजे. आधी बाजूच्या भिंतीला लागून पुढे गेला तर सर्व्हिस चुकली. परत येताना मात्र तो बाजूच्या भिंतीला लागू शकतो, आणि जमिनीवर पडलाच तर विरुद्ध बाजूच्या मागच्या चौथाई भागात, रेषेला न लागता पडला पाहिजे. ‘पडलाच तर’ असे म्हणण्याचे कारण हे की सर्व्हिस घेणाऱ्याला तो हवेतच परतवण्याची पूर्ण मुभा आहे.

दुसरी संधी मिळत नाही. सर्व्हिस चुकली की गुण समोरच्याला आणि सर्व्हिसही त्याच्याकडे. चेंडू हातातून सोडला पण मारण्याचा प्रयत्नच केला नाही, तर तो पुन्हा टाकता येतो. रॅकेट फिरवली आणि चेंडू हुकला तर मात्र ती चूक धरली जाते.

गुणांविषयी तुमचे ज्येष्ठ सदस्य चुकीचे सांगत नाहीत, ते जुना नियम सांगत आहेत. पूर्वी गेम नऊ गुणांचा असे आणि सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळे. सर्व्हिस घेणाऱ्याने रॅली जिंकली तर त्याला केवळ सर्व्हिसचा हक्क मिळत असे. जागतिक महासंघाने २००९ पासून प्रत्येक रॅलीला गुण आणि गेम अकरा गुणांचा ही पद्धत स्वीकारली. दोघांचे दहा-दहा झाले तर पुढे दोन गुणांची आघाडी मिळेपर्यंत गेम चालतो. सामना पाच गेमचा, म्हणजे तीन जिंकणारा विजयी. गुण पुकारताना सर्व्हिस करणाऱ्याचे गुण आधी सांगण्याची प्रथा आहे, ती पहिल्या दिवसापासून पाळा, म्हणजे गोंधळ होणार नाही.

एक सुचवतो. तुमच्या कोर्टची मापे एकदा टेपने तपासून घ्या. कोर्टची लांबी ९.७५ मीटर आणि रुंदी ६.४ मीटर असते, जमिनीवरची आडवी रेषा समोरच्या भिंतीपासून ५.४४ मीटरवर असते आणि रेषांची जाडी ५ सेंटीमीटर असते. आपल्या भागात हे काम करणाऱ्या कारागिरांना असे कोर्ट आखण्याची सवय नसते. पहिल्याच वर्षी रेषा चुकीच्या रंगवल्या गेल्या तर सगळ्यांचा हात त्या चुकीच्या मापावर बसतो आणि पुढे नाशिकला किंवा पुण्याला स्पर्धेसाठी गेल्यावर सर्व्हिस बाद होऊ लागते.

शहादेकर (सध्या पुणे) यांचे उत्तर

पांझराकाठ यांनी रेषांचा आणि सर्व्हिसचा भाग पूर्ण केला आहे, त्यामुळे मी थेट तुमच्या चौथ्या शंकेकडे येतो. माझ्या मते स्क्वॉशचे नियम शिकताना सुरुवात येथूनच करायला हवी. रेषांची माहिती एका संध्याकाळी पाठ होते. मात्र एकाच खोलीत, हातात रॅकेट घेऊन, दुसऱ्या माणसाच्या अगदी जवळून धावायचे कसे, हे ज्याला समजले नाही त्याच्याबरोबर खेळणे धोक्याचे असते.

नियमांची भाषा लांबलचक आहे, तरी तिचा गाभा चार हक्कांमध्ये सामावलेला आहे. चेंडू मारण्याची पाळी ज्याची आहे त्याला पुढील गोष्टी मिळाल्याच पाहिजेत : समोरच्या भिंतीवरून परत येणारा चेंडू नीट दिसणे, चेंडूपर्यंत सरळ जाता येण्याजोगी मोकळी वाट, वाजवी रीतीने रॅकेट फिरवण्याएवढी जागा आणि समोरच्या भिंतीच्या कोणत्याही भागावर चेंडू मारण्याचे स्वातंत्र्य. तुम्ही फटका मारून झालात की त्या क्षणापासून हे चारही हक्क प्रतिस्पर्ध्याचे झाले आणि ते त्याला मिळावेत म्हणून शक्य ते सर्व करून बाजूला होणे हे तुमचे कर्तव्य झाले. त्याचा फटका झाला की तेच हक्क तुमच्याकडे येतात. संपूर्ण रॅलीभर ही देवाणघेवाण चालू असते. म्हणूनच प्रत्येक फटक्यानंतर कोर्टच्या मध्यभागी, जेथे जमिनीवरच्या रेषा इंग्रजी ‘टी’ अक्षरासारख्या मिळतात तेथे परतायचे असते. पण परतण्याचा मार्ग प्रतिस्पर्ध्याच्या वाटेतून जाणारा नसावा, तर थोडा वळसा घेऊन असावा.

यांपैकी एखादा हक्क डावलला गेला तर मारणाऱ्याने खेळ थांबवून ‘लेट प्लीज’ असे म्हणायचे. हे तेव्हाच्या तेव्हा म्हणायचे असते. वाट अडली असतानाही पुढे जाऊन फटका मारला, तो टिनवर गेला आणि मग लेट मागितला, तर तो मिळत नाही, कारण अडथळा स्वीकारून तुम्ही खेळ चालू ठेवलेला असतो.

मागणीनंतर निर्णय तीनच असतात. ‘लेट’ म्हणजे रॅली पुन्हा खेळायची, गुण कोणालाच नाही. ‘स्ट्रोक’ म्हणजे गुण मागणाऱ्याला. ‘नो लेट’ म्हणजे गुण प्रतिस्पर्ध्याला. या तिन्हींत निवड करताना मी स्वतःला क्रमाने काही प्रश्न विचारतो आणि नवीन मुलांनाही तसेच शिकवतो. अडथळा खरोखर झाला का? झाला नसेल, तर नो लेट. अडथळा नसता तर हा खेळाडू चेंडूपर्यंत पोहोचून योग्य फटका मारू शकला असता का? नसेल, तर पुन्हा नो लेट. पोहोचला असता आणि त्याचा फटका निश्चितपणे रॅली जिंकून देणारा ठरला असता, तर स्ट्रोक. एवढा निर्णायक फटका नव्हता, पण प्रतिस्पर्ध्याने बाजूला होण्याचा पुरेसा प्रयत्नच केला नाही, तरीही स्ट्रोक. प्रयत्न प्रामाणिक होता, अडथळा झाला आणि चेंडू मारता आला असता, तर लेट. सुरुवातीच्या काळात तुमच्याकडचे बहुतेक प्रसंग या शेवटच्या प्रकारात बसतील.

चौथ्या हक्काबाबत नियम अधिक कठोर आहे. मारणाऱ्यासमोर चेंडू तयार आहे आणि प्रतिस्पर्धी चेंडू व समोरची भिंत यांच्या मध्ये उभा आहे, म्हणजे थेट मारलेला फटका त्याच्या अंगावरच आदळेल, अशा वेळी मारणाऱ्याने हात थांबवला तर त्याला स्ट्रोक मिळतो. मध्ये उभ्या असलेल्याने ‘मला हलायला वेळच मिळाला नाही’ असे म्हणून उपयोग नाही. त्याने स्वतःच कमकुवत फटका मारून चेंडू स्वतःजवळ आणलेला असतो आणि त्याची किंमत त्यानेच द्यायची असते.

चेंडू अंगाला लागला तर काय, हे आता सोपे होईल. मारलेला चेंडू थेट समोरच्या भिंतीवर योग्य जागी जाणार होता आणि वाटेत प्रतिस्पर्ध्याला लागला, तर गुण मारणाऱ्याला. तो आधी बाजूच्या भिंतीला लागून मग समोर जाणार होता, तर लेट. तो टिनवर किंवा बाहेर जाणार होता, तर गुण ज्याला लागला त्याला. पहिला प्रयत्न हुकून दुसऱ्या प्रयत्नात मारलेला चेंडू लागला, तर तो योग्य दिशेने जात असला तरी लेटच.

हे सगळे वाचून कोणी असा समज करून घेऊ नये की प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर चेंडू मारणे हा गुण मिळवण्याचा मार्ग आहे. नियम तुम्हाला हात थांबवण्याबद्दल तेवढाच गुण देतो, तो याचसाठी की कोणालाही इजा होऊ नये. जवळून मारलेल्या चेंडूचा वळ कित्येक दिवस राहतो, आणि रॅकेट तोंडावर लागली तर प्रकरण टाक्यांवर जाते. शंका आली की हात थांबवा. दुखापतीची वाजवी भीती वाटल्यामुळे थांबणाऱ्याला लेट मिळण्याची तरतूद नियमातच आहे.

केळीपट्टा (जळगाव)

आपल्या दोघांच्याही उत्तरांबद्दल मनापासून आभारी आहे. कालच आम्ही टेप घेऊन मापे तपासली आणि आमची आडवी रेषा जवळपास एक वीत पुढे रंगवली गेल्याचे आढळले. ती आता दुरुस्त करून घेत आहोत.

शहादेकर सर, चार हक्कांच्या मांडणीमुळे बराच उलगडा झाला. आमच्याकडे वारंवार घडणारे दोन प्रसंग आपल्यापुढे ठेवतो. पहिला असा : मी डाव्या भिंतीला चिकटून लांब फटका मारतो आणि टीकडे परततो. प्रतिस्पर्धी पुढच्या भागातून मागे धावत येतो, माझ्या खांद्याला त्याचा स्पर्श होतो आणि तो लेट मागतो. मात्र तोपर्यंत चेंडू मागच्या कोपऱ्यात जवळजवळ संपलेला असतो. दुसरा असा : चेंडू उजव्या बाजूने माझ्या मागून फिरून, मागच्या भिंतीला लागून डावीकडे येतो, मी त्याच्याबरोबर अंगाभोवती पूर्ण वळतो आणि मग मारतो. त्या वेळी प्रतिस्पर्धी कोठे आहे हे मला अजिबात दिसत नसते. असा फटका मारण्याचा मला हक्क आहे का?

शहादेकर (सध्या पुणे)

पहिल्या प्रसंगात स्पर्श झाला, एवढ्यावर निर्णय होत नाही. तो स्पर्श झाला नसता तर प्रतिस्पर्धी दुसऱ्या टप्प्यापूर्वी चेंडूपर्यंत पोहोचला असता का, हा खरा प्रश्न आहे. तुमच्या वर्णनानुसार चेंडू संपलेला होता, म्हणून नो लेट. पण त्याच वेळी तुम्ही कोणत्या मार्गाने टीकडे परतलात, हेही तपासा. फटका मारून तुम्ही सरळ त्याच्या धावण्याच्या रेषेत मागे सरकत असाल आणि तो चेंडूपर्यंत पोहोचण्याइतका वेगवान असेल, तर लेट द्यावा लागेल आणि तुम्ही हलण्याचा प्रयत्नच केला नसेल तर स्ट्रोकही. आणखी एक बाब : चेंडूकडे सरळ न जाता मुद्दाम तुमच्या अंगावर येऊन, अडथळा निर्माण करून लेट मागणाऱ्याला नियम काहीही देत नाही.

दुसऱ्या प्रसंगाला ‘वळणे’ म्हणतात. वळून मारण्याला मनाई नाही, तरीही असा फटका मारू नये असेच मी आग्रहाने सांगेन. वळून मारलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याला लागला तर गुण त्याला मिळतो, तुम्हाला नाही. अपवाद एवढाच की त्याने चेंडू अडवण्यासाठी मुद्दाम हालचाल केलेली असावी.

भुसावळ जंक्शन यांचे उत्तर

शहादेकर यांच्या शेवटच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो. वळल्यावर प्रतिस्पर्धी मध्ये आहे असे वाटून इजेच्या भीतीने हात थांबवला, तर लेट मिळतो. मात्र न वळता सहज मारता येण्याजोगा चेंडू असूनही केवळ लेट मागण्यासाठी कोणी वळला, तर मिळत नाही. आमच्या सरावात मुले वळायला लागली की मी त्यांना ‘थांब’ असे मोठ्याने म्हणण्याची सवय लावतो. त्या एका शब्दाने दोघेही जागीच राहतात.

मी मुख्यतः चेंडूविषयी लिहिणार आहे, कारण आपल्या खानदेशात नियम समजूनही खेळ नीट होत नाही याचे निम्मे कारण चुकीचा चेंडू हे असते. स्क्वॉशचा चेंडू रबराचा व पोकळ असतो, त्याचे वजन सुमारे २४ ग्रॅम आणि व्यास ४० मिलिमीटर. तो थंड असताना जमिनीवर टाकला तर फारसा उसळतच नाही. सतत फटके बसून तापला की त्यातली हवा आणि रबर दोन्ही गरम होतात आणि मग उसळी येते. म्हणूनच सामन्यापूर्वी दोन्ही खेळाडू मिळून चेंडू तापवतात आणि अर्ध्या वेळेनंतर बाजू बदलतात, हा नियमांचाच भाग आहे. चेंडूच्या अधिकृत चाचणीत त्याची उसळी २३ आणि ४५ अंश सेल्सिअस या दोन तापमानांना मोजतात. यातले दुसरे तापमान आपल्याला मे महिन्यात चेंडूला हातही न लावता मिळते.

चेंडूवरचे ठिपके उसळी दर्शवतात. दोन पिवळे ठिपके म्हणजे सर्वांत कमी उसळीचा, स्पर्धेचा चेंडू. एक पिवळा ठिपका त्याहून थोडा जास्त, लाल त्याहून जास्त आणि निळा सर्वांत जास्त उसळणारा. दुकानदार ‘हाच अधिकृत’ असे सांगून नवख्यांच्या हाती दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू देतात. नवख्या खेळाडूंचे फटके तो तापवण्याएवढे जोरदार आणि सलग नसतात, त्यामुळे चेंडू मेलेलाच राहतो, रॅली दोन-तीन फटक्यांत संपते आणि प्रत्येक जण पुढच्या भागात गर्दी करतो. मग वाटेत येण्याचे प्रसंगही वाढतात. केळीपट्टा भाऊ, तुमच्याकडे लेटची चर्चा इतकी होत असेल, तर आधी चेंडूवरचे ठिपके पाहा.

मार्गशीर्ष-पौषातल्या सकाळी, जेव्हा आपल्याकडे भिंतीसुद्धा गार पडलेल्या असतात, नवख्यांनी निळ्या किंवा लाल ठिपक्याचा चेंडू घ्यावा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, वातानुकूलन नसलेल्या कोर्टवर तोच चेंडू इतका उसळतो की रॅली संपता संपत नाही. तेव्हा एक पिवळा ठिपका पुरेसा होतो आणि बऱ्यापैकी खेळणाऱ्यांना दोन ठिपकेही चालतात. उन्हाळ्यात खेळण्याची वेळ सकाळीच ठेवावी. बंद कोर्टमध्ये हवा खेळती नसते आणि घाम जमिनीवर सांडला की पाय सटकतो, म्हणून एक कोरडा पंचा कोर्टच्या दाराशी कायम असू द्यावा. रॅलीदरम्यान चेंडू फुटला तर ती रॅली पुन्हा खेळायची असते, हेही येथेच सांगून ठेवतो, कारण उन्हाळ्यात असे चेंडू फुटण्याचे प्रसंग येतात.

आणि मुलांविषयी. तुमच्या वसाहतीतील मुले खेळणार असतील तर संरक्षक चष्म्याशिवाय त्यांना आत सोडू नका. ४० मिलिमीटरचा हा चेंडू डोळ्याच्या खोबणीत थेट बसू शकतो, म्हणून क्रिकेटच्या चेंडूपेक्षा डोळ्याला त्याचा धोका वेगळ्या प्रकारचा असतो. जागतिक महासंघाच्या कुमार गटाच्या स्पर्धांत असा चष्मा सक्तीचा आहे. नंबरचा साधा चष्मा यासाठी चालत नाही. त्याची काच फुटून अधिक नुकसान होऊ शकते. पॉलिकार्बोनेटच्या काचांचा, खेळासाठीच बनवलेला चष्मा घ्यावा. वयाने मोठ्या असलेल्यांनीही तो वापरावा, हे मी विनंती म्हणून लिहितो.

पांझराकाठ (धुळे)

भुसावळ जंक्शन यांच्या चेंडूविषयीच्या म्हणण्याशी पूर्ण सहमत आहे, फक्त एका बाबतीत माझा अनुभव वेगळा आहे. पंधरा-सोळा वर्षांची, कबड्डी किंवा खो-खो खेळलेली मुले असतील तर त्यांना निळ्या ठिपक्यावर फार काळ ठेवू नये. त्यांचे पाय वेगवान असतात, जास्त उसळणारा चेंडू त्यांना सगळीकडे सापडतो आणि मग चेंडू कोपऱ्यात ठेवण्याची गरजच त्यांना वाटत नाही. थोड्या आठवड्यांनी त्यांना एका पिवळ्या ठिपक्यावर आणावे.

केळीपट्टा (जळगाव)

चेंडू पाहिला. त्यावर दोन पिवळे ठिपके आहेत. लाल ठिपक्याचे चेंडू आणि चार चष्मे मागवले आहेत.

एक शेवटची शंका राहिली. आमच्याकडे पंच नसतो. दोघांचे मत जुळले नाही तर काय करावे? आणि नियमांच्या पुस्तकाविषयी विचारले होते, त्याचेही उत्तर मिळाले तर बरे होईल.

शहादेकर (सध्या पुणे)

पंच नसताना एक साधी पद्धत सर्वत्र पाळली जाते. आपला चेंडू दोन टप्पे पडल्यावर मारला गेला, टिनला लागला किंवा बाहेर गेला, हे ज्याला स्वतःला ठाऊक आहे त्याने स्वतःहून सांगायचे. प्रतिस्पर्ध्याने विचारण्याची वाट पाहायची नाही. दोघांनाही खात्री नसेल, किंवा दोघांची मते प्रामाणिकपणे वेगळी असतील, तर रॅली पुन्हा खेळायची. सरावाच्या खेळात तर मी म्हणेन की लेट मागितला की तो द्यावा. मात्र समोर उभे राहून भिंत झाकल्याचे स्पष्ट असेल, तेथे झाकणाऱ्याने स्वतःच ‘स्ट्रोक तुझा’ म्हणावे.

पुस्तकाविषयी सांगायचे तर जागतिक महासंघाचे एकेरीचे नियम त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. ते सलग पाठ करण्याची गरज नाही. सर्व्हिस, अडथळा आणि चेंडू खेळाडूला लागणे, ही तीन प्रकरणे एकदा सर्वांनी एकत्र बसून वाचावीत, उरलेली प्रसंग पडेल तेव्हा पाहावीत. त्याहून उपयोगी मार्ग असा की तुम्ही चार जण असाल तर दोघे खेळत असताना उरलेल्या दोघांपैकी एकाने मागच्या भिंतीपलीकडून किंवा गॅलरीतून गुण पुकारावेत आणि दुसऱ्याने लेटचे निर्णय द्यावेत, तेही कारणासह : ‘वाट अडली होती, चेंडू मिळाला असता, लेट.’ दर गेमनंतर जागा बदलाव्यात. बाहेरून पाहताना कोण कोणाच्या वाटेत आले हे जितके स्पष्ट दिसते तितके आत असताना दिसत नाही. तुमचे ज्येष्ठ सदस्य निर्णय देण्याच्या जागी बसायला तयार असतील तर त्यांना अवश्य बसवा. गुण मोजण्याची पद्धत बदलली असली, तरी वाट अडवणे म्हणजे काय याची त्यांची जाण तुमच्या सर्वांपेक्षा पक्की असण्याची शक्यता आहे.